सदरा कुठे झिजतो?

जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांत लघुपट करणाऱ्या मुलामुलींची आता वानवा नाही. मोबाइलचा कॅमेरा चांगला असतो, संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉलर माइक कुणाकडून तरी मागून आणता येतो. गोष्टीही आपल्याच असतात. कर्जात अडकलेला कापूसवाला शेतकरी, भुसावळच्या रेल्वे चाळीतलं कुटुंब, सातपुड्यातली आश्रमशाळा, बेचाळीसचा लढा. मग चित्रपट सुरू होतो आणि तीन पिढ्यांच्या ओढगस्तीने पिचलेला शेतकरी पडद्यावर येतो, तो दुकानातल्या घडीचे मोड जसेच्या तसे दिसणारं कोरं धोतर नेसून. हातात कुऱ्हाड असते, तिचा दांडा आजच रंधा मारल्यासारखा पिवळाधमक. पुढची दहा मिनिटं त्या मुलाने जीव ओतून अभिनय केला तरी बघणाऱ्याचं मन त्या धोतराच्या मोडातच अडकून पडतं.

ही पुस्तिका त्या दहा मिनिटांसाठी आहे. हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं कपडेपट आणि प्रॉपर्टी सांभाळणारी काही माणसं आणि लघुपट करणारे काही विद्यार्थी यांनी मिळून ती तयार केली आहे. वेशभूषेची पुस्तकं बहुधा कपडा कसा शिवावा ते सांगतात. शिवलेला कपडा जुना कसा करावा, वापरलेला कसा दिसावा, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. ते ज्याचं त्याने शिकायचं असा रिवाज आहे, आणि म्हणून प्रत्येक तुकडी पहिल्यापासून सुरुवात करते.

बहुतेकांना दोन उपाय ठाऊक असतात. कपडा चहाच्या पाण्यात बुडवायचा, नाहीतर त्याला माती फासायची. दोन्ही उपाय वाईट नाहीत, पण एवढ्यावर थांबलं तर सदरा कॉलरपासून घेरापर्यंत एकाच तपकिरी रंगाचा होतो आणि तो चहात बुडवला आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. अंगावरचा कपडा एकसारखा कधीच जुना होत नाही. तो खांद्यावर विटतो, काखेत पिवळा पडतो, कोपरावर विरतो, खिशापाशी लोंबतो, आणि कॉलरच्या आतल्या घडीत मात्र नवा असतानाचा रंग टिकून राहतो. यातल्या प्रत्येक खुणेमागे काहीतरी कारण असतं: ऊन, घाम, ओझं, हाताची सवय. मळ फासता येतो. झीज मात्र आधी विचार करून ठरवावी लागते. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतात.

जगातल्या चित्रपटांनी हे कधीच ओळखलं होतं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये अंतराळयानं आणि कपडे चकचकीत न दाखवता वापरून खिळखिळे झालेले दाखवले, आणि ते काल्पनिक जग लोकांना खरं वाटलं. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळालं. त्याच मोलोंनी पुढे ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटासाठी दुसरं ऑस्कर घेतलं, ते कोल्हापूरच्या भानू अथय्यांबरोबर विभागून. भारताला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. अंतराळातल्या भटक्याचा कळकट अंगरखा आणि चंपारणच्या शेतकऱ्याचं धोतर यांची जातकुळी एकच आहे, हे या एका योगायोगावरूनही लक्षात यावं. पुढे ‘लगान’च्या वेशभूषेसाठीही अथय्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा गाणी क्षणभर बाजूला ठेवा आणि दुष्काळी गावातल्या माणसांच्या फक्त बंड्या आणि पागोटी बघा.

कॅमेऱ्यापुढे खरं वाटेल असं खोटं उभं करण्याची परंपरा खानदेशाला परकी नाही. चाळीसगावला रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्यातली कित्येक दशकं काढली. घराबाहेर ते क्वचितच पडले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून त्यांनी अशी निसर्गदृश्यं टिपली की पाहणाऱ्याला ती मैलोन्मैल पसरलेली वाटावीत. हाती आहे त्यातून हवं ते दाखवायचं, आणि त्यासाठी आधी मूळ वस्तू बारकाईने निरखायची, हे ज्याला शिकायचं असेल त्याने पॅरिसला जायची गरज नाही. चाळीसगावचं तिकीट काढावं.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं आहे. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप आणि कमानी उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट एकच होती. जे काही उभं राहील ते गावात मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून. नंदलालबाबूंनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून अख्खं नगर सजवलं आणि नेहरू बैलांच्या रथातून अधिवेशनस्थळी आले. आपल्या खानदेशातलं हे सर्वांत मोठं नेपथ्य म्हणायला हरकत नाही. थर्माकोलच्या दुकानाकडे धावण्यापूर्वी फैजपूर आठवावं, इतकंच माझं म्हणणं आहे.

आणि मालेगाव? धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवरच्या या यंत्रमागांच्या गावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, आणि तिथल्या हौशी चित्रपटांचा डंका दूरवर वाजला. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८चा माहितीपट प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावाच. पण त्यातून भलताच धडा घेऊ नये. मालेगावचे चित्रपट विडंबनाचे होते. तिथे कपडा जितका जुगाडाचा दिसेल तितकं हसू वाढतं. तुम्ही शेतकऱ्याच्या आत्महत्येवर चित्रपट करत असाल तर तोच जुगाड तुमचा घात करील.

आता मुद्द्याचं. सदरा कुठे झिजतो, हे तो घालणारा काय काम करतो यावर ठरतं. कापूस वेचणारी बाई लुगड्यावर किंवा साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला रुमाल बांधते. वाळलेल्या बोंडांची टोकं टोचतात, म्हणून हा शर्ट. तो कफाशी आणि कोपराखाली ओरखडलेला असतो, धागे निघालेले असतात, आणि कमरेला झोळी बांधतात तिथे चुरगळून मऊ पडलेला असतो. पाठ उन्हाने विटलेली असते, कारण दिवसभर ती वाकलेली असते. छातीचा भाग मात्र बराच शाबूत. आपल्या विद्यार्थी चित्रपटांत नेमकं उलटं दिसतं. छातीवर माती, पाठ कोरी, कारण माती फासणाऱ्याने कपडा समोर धरून फासलेली असते.

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणाऱ्याचा खांदा बघा. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी-काळा होतो, आणि मग तो कशानेही जात नाही. सोडा घालून, उकळून पाहिलेल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. वेशभूषा करणाऱ्यासाठी असला डाग म्हणजे फुकटचा पक्का रंग आहे. कापलेल्या दांड्याचा चीक ब्रशने खांद्यावर आणि त्याखाली ओघळल्यासारखा लावावा, दोन दिवस हवेवर ठेवावा. अशा शर्टाला कुठल्याही धुलाईची भीती नाही. जळगावच्या डाळ मिलमधल्या कामगाराच्या भुवया आणि बाह्यांच्या शिवणी पिवळट असतात. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात कपड्याच्या चुण्यांत लाल भुकटी बसते. धुळे-मालेगावकडच्या यंत्रमागावरच्या माणसाच्या केसांत आणि पाठीवर सुताची पांढरी फुसं चिकटलेली असतात. बाजार समितीतल्या हमालाच्या सदऱ्याला गोणपाट घासून पाठीच्या वरच्या भागात आरपार उजेड दिसतो. सराफ बाजारातल्या कारागिराच्या मांडीवर तेजाबाचे थेंब पडून सुईच्या टोकाएवढी भोकं झालेली असतात. या गोष्टी कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाहीत. त्या बसस्टँडवर, बाजारात, बांधावर सापडतात, आणि बघायला पैसे पडत नाहीत.

मातीचंही तसंच आहे. पुण्या-मुंबईचे आणि कोकणातले चित्रपट पाहून आपली मुलं गेरू आणून कपड्यांना लाल करतात. खानदेशाची माती काळी. ओली असते तेव्हा ती चिकटते, चपलेला किलोकिलोने लागते. वाळली की तिचा रंग राखाडी होतो आणि धोतराच्या काठावर राखाडी-तपकिरी पट्टा उरतो. अंगावर लाल माती असलेला माणूस आपल्याकडे वीटभट्टीवरचा असेल, शेतातला नव्हे. ऋतूही पाहावा. एप्रिलमधल्या प्रसंगात चिखल नसतो, धूळ असते. घाम वाळून पाठीवर मिठाची पांढरी कड उमटलेली असते, आणि ती मिठाचं पाणी शिंपडून, उन्हात वाळवून हुबेहूब आणता येते. आणि उन्हाळ्यातलं ऊन हे तर आपलं सर्वांत स्वस्त यंत्र. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. ओला कपडा धाब्यावर टाकून आठवडाभर पालथा-उलथा केला तर कच्चा रंग आपसूक विटतो. मात्र सपाट पसरू नये. बांबूच्या आडव्या काठीवर अडकवावा, म्हणजे जिथे खांदा असतो तिथेच ऊन जास्त लागतं.

एक सदरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. समजा चित्रपट चिमठाण्याच्या खजिन्यावर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. लाड यांच्यासारखे कार्यकर्ते आणि खानदेशातले साथी त्यात होते. आपल्याला हवा आहे रस्त्याकडेला ही घटना पाहणाऱ्या एका सालदाराचा सदरा.

कापड मांजरपाट किंवा हातमागाचं घ्यावं, आणि शंभर टक्के सुती. टेरिकॉट घेतलंत तर पुढचं सगळं फुकट जाईल. पॉलिस्टरवर चहा चढत नाही, ऊन लागून ते विटत नाही, घासून विरत नाही. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, म्हणून आधी धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात ती काढावी, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. शिंप्याकडे देताना सोबत सुती दोरा द्यावा. ही बारीकशी गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. आजचा शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो. सदरा चहात बुडवला की कापड तपकिरी होतं आणि शिवण पांढरीशुभ्र राहते. क्लोजअपमध्ये ती टिपेची रेघ खडूने आखल्यासारखी चमकते. आतल्या बाजूला ओव्हरलॉक मारू द्यायचं नाही. बटणं प्लास्टिकची नकोत. कापडाची गुंडी करावी, नाहीतर जुन्या पेटीतली शिंपल्याची शोधावीत.

मग चहा. साखर-दुधाशिवाय भुकटी उकळून गाळावी, सदरा आधी साध्या पाण्यात भिजवून मग त्यात सोडावा. गडद करडा रंग हवा असेल तर चहात गंजके खिळे टाकून रात्रभर ठेवावं. चहातला कस आणि लोखंड मिळून पाणी काळपट होतं. बाभळीची साल किंवा हिरडा वापरला तरी हेच घडतं, आणि आपल्याकडचे रंगारी ते पिढ्यान् पिढ्या जाणून होते. हा झाला फक्त पाया. खरं काम यानंतर सुरू होतं.

ओला सदरा घालणाऱ्या मुलाच्याच अंगावर चढवावा. बाह्या वर सरकवायच्या, कोपरं वाकवायची, कंबर बांधायची, आणि चुण्या पडल्या की दोऱ्याने तिथेच बांधून टाकायच्या. मग काढून तसाच वाळवायचा. खिशात मूठभर खडे घालून टांगला की खिसा लोंबतो. वाळल्यावर पॉलिश पेपर घ्यावा. कॉलरची धार, कफाची कड, खिशाचं तोंड आणि कोपरं एवढ्याच जागा घासायच्या, धागा दिसेपर्यंत. कोपर अजून विरायला हवं असेल तर स्वयंपाकघरातली जुनी किसणी उपयोगी पडते. कात्री कदापि लावू नये. फाटणं उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या वाटेने जातं आणि फाटण्याआधी तिथलं कापड पातळ झालेलं असतं. कात्रीने मारलेलं भोक भोकासारखंच दिसतं. एखादं ठिगळ हवंच असेल तर ते नीट, हाताच्या टाक्यांनी लावावं. सालदाराच्या बायकोने ते जीव लावून शिवलेलं असणार. शेवटी काखेत हळदीचं अगदी पातळ पाणी, पाठीवर मिठाचं पाणी, घेराला राखाडी धूळ. धुळीसाठी मुलतानी माती आणि चुलीतली राख चाळून मिसळावी. असे तीन सदरे एकाच वेळी करावेत. एकच केला आणि तिसऱ्या दिवशी तो भिजला, की चित्रीकरण तिथेच थांबतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की जुन्या काळावरचा चित्रपट म्हणजे सगळंच जुनं करायचं. तसं अजिबात नाही. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. या प्रसंगावर लघुपट करायचा झाला, तर गुरुजींच्या मांडीवरचे कागद पिवळे करण्याचा मोह आवरायला हवा. ते कागद त्या दिवशी ताजेच होते. कागद पिवळा दिसतो तो आपण तो आज पाहतो म्हणून. पात्रं तो तेव्हा पाहत होती. विद्यार्थ्यांच्या ऐतिहासिक लघुपटांत सर्रास दिसणारी ही चूक आहे. १९४४ सालची सरकारी मोटार १९४४मध्ये गंजलेली नव्हती, आणि पोलिसांचा गणवेश इस्त्रीचाच होता. उलट खजिना पाहणारा सालदार मात्र खरोखर जुन्या कपड्यात होता. एकाच दृश्यातली ही विषमता दाखवली की काळ उभा राहतो.

जुन्या कागदपत्रांबद्दल तर वेगळं प्रकरणच आहे. कागदाच्या कडा मेणबत्तीवर जाळायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण ती कायमची बंद व्हावी. ज्या घरात दस्तऐवज जपून ठेवले ते घर काही रोज जळत नव्हतं. कागद घडीवर झिजतो, कोपऱ्यावर मऊ होतो, वाळवी लागली तर आरपार भोकं पडतात, पाणी लागलं तर कडेला तपकिरी रेषा उमटते. शिवाय चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद गिरणीतल्या स्वस्त कागदाइतका पिवळा पडत नाही. यावल एके काळी अशा देशी कागदासाठी प्रसिद्ध होतं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आणि इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी हस्तलिखितं नुसती डोळ्यांनी पाहावीत. दोनशे वर्षांपूर्वीची पोथी तुमच्या वडिलांच्या कॉलेजच्या वहीपेक्षा उजळ निघाली तर नवल वाटू नये.

बेचाळीसवर चित्रपट करणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगायची आहे. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. त्या मिरवणुकीतल्या तिरंग्यावर चरखा होता. अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७च्या संविधान सभेच्या निर्णयानंतर. बाजारातला आजचा झेंडा आणून त्याला चहात बुडवणं ही इतिहासाचीही चूक आहे आणि कायद्याचीही. राष्ट्रध्वज फाडणं, मळवणं १९७१च्या कायद्याने गुन्हा ठरतं. सुती कापडाचे तीन पट्टे जोडून चरख्याचा झेंडा स्वतः करावा. आणि तोही स्वच्छ असू द्यावा. ती मुलं मळका झेंडा घेऊन निघाली नसणार.

प्रॉपर्टीची गोष्ट कपड्यापेक्षा सोपी आहे, कारण वस्तू घाम गाळत नाही. पण तिथेही प्रश्न हाच: हात कुठे लागतो? कुऱ्हाडीचा दांडा जिथे धरतात तिथे तुळतुळीत आणि काळपट असतो, बाकी राखाडी आणि चिरलेला. पॉलिश पेपर, थोडं तेल आणि तपकिरी बूट पॉलिश एवढ्याने हे साधतं. वापरातला पितळी तांब्या हिरवा पडलेला नसतो. चिंच आणि राखेने रोज घासून तो चकाकतो, फक्त काठाच्या खोबणीत काळं उरतं. हिरवा पडतो तो माळ्यावर टाकलेला. जात्याचा खुंटा तर काचेसारखा गुळगुळीत होतो. बहिणाबाई चौधरींवर, म्हणजे १९५१ साली गेलेल्या आपल्या असोद्याच्या कवयित्रीवर, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात काहीतरी सादर होतं आणि दरवर्षी त्या नव्याकोऱ्या, टाकीचे घाव ताजे दिसणाऱ्या जात्यावर बसलेल्या दिसतात. जुनं जातं आजही कित्येक अंगणांत पालथं पडलेलं आहे. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

लोखंड गंजवायचं असेल तर त्यावरचं तेल साबणाने पुरतं काढावं, मीठ आणि व्हिनेगरचं पाणी शिंपडून उन्हात ठेवावं, वाळलं की पुन्हा शिंपडावं. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून थापावा आणि वरून रेड ऑक्साइड, त्यावर थोडा काळा रंग. चार फुटांवरून कुणाला फरक कळत नाही.

गरिबी आणि घाण यांची सांगड घालणं हा दोष मात्र कौशल्याचा नाही, नजरेचा आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांना आपल्या लघुपटांत नेहमी फाटक्या, चिखलाने माखलेल्या कपड्यांत दाखवतात. होळीला तिथल्या काठी गावाला जाऊन या. तिथला साज आणि तिथली टापटीप पाहून परत आलात की तुमचा कपडेपट तुम्हालाच बदलावासा वाटेल. ज्याच्याकडे दोनच धोतरं आहेत तो एक रोज धुतो. त्याचं धोतर विटलेलं असेल, पातळ झालेलं असेल, ठिगळाचं असेल, पण मळलेलं असेलच असं नाही. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता पाटील पडद्यावर गरीब बाई झाली तेव्हा ती कधी दयेची याचना करणारी दिसली नाही. याला अभिनय कारण होता हे खरं, पण अंगावरच्या साडीचाही त्यात वाटा होता.

जुने कपडे मिळवायचे कुठून? बोहारणीकडे विचारावं. भांड्यांच्या बदल्यात गोळा झालेल्या कपड्यांत चाळीस वर्षांपूर्वीच्या सुती साड्या सापडतात. मजुराचा वापरलेला शर्ट हवा असेल तर बदल्यात नवा द्यावा, जुन्याची किंमत पाडून मागू नये. आणि कुणाच्या आजीचं लुगडं मागून आणलं असेल तर त्याला चहाचा थेंबही लावू नये. ते जसं आहे तसंच वापरावं.

काही धोके सांगितलेच पाहिजेत. ब्लीचने रंग उडवताना ते संडास साफ करायच्या ॲसिडजवळही नेऊ नये. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीचचं काम झालं की कपडा हायपोच्या पाण्यातून काढावा, नाहीतर तो आठवड्याभरात आपोआप फाटायला लागतो. पोटॅशियम परमँगनेटने लाकूड आणि कापड छान तपकिरी होतं, पण घाम आणि अश्रूंसाठी ठेवलेलं ग्लिसरीन त्याच्या पुडीवर सांडलं तर ते पेट घेतं. ही दोन्ही एका पिशवीत ठेवायची नाहीत, असा नियमच करावा. मुलतानी माती उडवताना तोंडाला रुमाल हवा. खोटी बंदूक किंवा तलवार घेऊन रस्त्यावर चित्रीकरण करायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. दादासाहेब फाळक्यांची मंडळी चित्रीकरणासाठी ढाल-तलवारी घेऊन एका गावात शिरली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दरोडेखोर समजून अडवलं होतं, असं सांगतात. तेव्हा निदान मोबाइलवर व्हिडिओ फिरत नव्हते.

पुस्तिकेत कापूस, केळी आणि यंत्रमाग यांच्यावर भरपूर आहे. सातपुड्याच्या बाजूचं आणि तापीकाठच्या मासेमारीचं त्या मानाने फार थोडं आहे. तोरणमाळ, अक्कलकुवा, धडगावकडच्या ज्या विद्यार्थ्यांना त्यांच्या भागातल्या कपड्यांची, रंगांची आणि अवजारांची माहिती असेल, त्यांनी ती फोटोसह लिहून पाठवावी. पुढच्या आवृत्तीत ती त्यांच्या नावाने छापली जाईल. आणि चित्रीकरण संपलं की मागून आणलेली प्रत्येक वस्तू धुऊन, पुसून, ज्याची त्याला परत करा.